ढाळाचा हिशेब

लहान ब्रुअरीची जमीन माणसांच्या चालण्यासाठी असते त्याहून जास्त पाण्याच्या जाण्यासाठी असते. एक लिटर बिअर तयार होईपर्यंत अशा कारखान्यात साधारण पाच ते दहा लिटर पाणी लागते. त्यातले एक लिटर ग्लासात पोहोचते, थोडे उकळताना वाफ होऊन जाते, थोडे ओल्या चोथ्याबरोबर बाहेर पडते. बाकीचे सगळे टाक्या धुऊन, नळ्या विसळून, सांडलेला फेस ओढून नेत शेवटी जमिनीवर येते. म्हणून ही जमीन घालताना सिमेंट किती आणि खडी कुठली हे प्रश्न नंतरचे असतात. इथे पडलेले पाणी शेवटी कुठे जाणार, हा पहिला. त्याचे उत्तर हाती येईपर्यंत गवंड्याने थापी उचलू नये.

महाराष्ट्रात हा प्रश्न मोठ्या कारखान्यांना जुना आहे आणि लहानांना नवा. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य उद्योगांचे पाणी टप्प्याटप्प्याने तोडण्याचा आदेश दिला आणि ती कपात ६० टक्क्यांपर्यंत गेली. तेव्हा बिअर आणि पाणी यांचे नाते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. लहान ब्रुअरींची गोष्ट पुण्यातून सुरू होते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिची गणना होते. त्यानंतरच्या दशकात मुंढवा, कोरेगाव पार्क या भागांत अशा जागा वाढल्या. गिऱ्हाईक काचेपलीकडच्या तांब्या-पोलादाच्या टाक्या पाहते. त्या टाक्यांखालच्या जमिनीकडे कोणी पाहत नाही, पण कारखाना चालतो की बंद पडतो हे बऱ्याचदा ती जमीन ठरवते.

पुण्याजवळच्या लवासा या डोंगरी नगरात अशी ब्रुअरी काढायची तर पाण्याचा हा प्रश्न फार लांबवर जातो. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही गावे मोसे नदीच्या खोऱ्यातली. बारा मावळांपैकी हे मोसे खोरे. इथले देशमुख बाजी पासलकर शिवाजी महाराजांच्या पहिल्या साथीदारांपैकी. वरसगाव धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. १२.८२ टीएमसी क्षमतेचा हा वीर बाजी पासलकर जलाशय पानशेत, टेमघर आणि खडकवासला यांच्याबरोबर पुणे शहराला पाणी पुरवतो. लवासा या जलाशयाच्या काठावर आणि त्यावरच्या डोंगरउतारांवर वसवलेले आहे. म्हणजे दासव्यात एखाद्या गाळ्याच्या जमिनीला दिलेला ढाळ त्या गाळ्याच्या नाल्यापाशी संपत नाही. तो गटारातून ओढ्यात, ओढ्यातून जलाशयात आणि तिथून खडकवासल्यामार्गे पुण्याच्या नळापर्यंत चालू राहतो. मध्ये कुठेतरी माणसाने त्याला अडवायचे असते. कुठे अडवायचे, हे ठरले की बाकी सगळी मापे त्यावरून निघतात.

जमीन बांधली जाते खालून वर, पण आखली जाते शेवटाकडून सुरुवातीकडे. समजा खोली ६ मीटर रुंद आणि ९ मीटर लांब आहे, आणि मधोमध लांबीच्या दिशेने एक नाली आहे. दोन्ही भिंतींपासून नालीपर्यंत ३ मीटर अंतर. ६० ला १ असा ढाळ धरला तर भिंतीजवळची जमीन नालीच्या काठापेक्षा ५० मिलिमीटर उंच येते. नालीच्या तळालाही स्वतःचा ढाळ हवा. १०० ला १ धरला तर ९ मीटरमध्ये ९० मिलिमीटर. उथळ टोकाला नाली १०० मिलिमीटर खोल ठेवली की दुसऱ्या टोकाला ती १९० होते. तिथून ट्रॅपमधून नळीत उतरायला आणखी २००. बाहेरची सांडपाण्याची टाकी २० मीटरवर असेल आणि नळीला ८० ला १ ढाळ असेल तर तिथे २५० जातात. बेरीज ६९० मिलिमीटर. खोलीच्या सर्वांत उंच कोपऱ्यात आणि टाकीच्या तोंडात एवढी उंची हाताशी असली पाहिजे. नसेल तर दोनच वाटा उरतात: जमीन उचलून दारात उंबरा वाढवायचा, किंवा खड्डा करून पंप बसवायचा. घाटमाथ्यावर वादळी पावसात वीज जाते आणि पंप नेमका तेव्हा थांबतो, म्हणून पहिली वाट महाग वाटली तरी पुढे स्वस्त पडते.

लवासात हा हिशेब आणखी अडचणीचा आहे, कारण तिथे नवी इमारत बांधण्यापेक्षा तयार गाळा हाती येण्याची शक्यता अधिक. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने बांधकाम थांबले, वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा वसवणारी कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. सुटीच्या दिवशी येणाऱ्या पर्यटकांवर तिथली दुकाने आणि हॉटेले चालतात. दुकानासाठी घातलेली जमीन सपाट असते, सपाटपणा हाच तिचा गुण. तिच्यात नाली कोरायची तर खाली माती आहे की दुसऱ्याचे छत, हे आधी पाहावे लागते. खाली माती असेल तर फोडून नव्याने घालणे शक्य असते. खाली छत असेल तर स्लॅब कापण्याचा विचार सोडून द्यावा. त्यावर जलरोधक थर, मग ढाळाचा भराव, मग नवी जमीन असा उंचीचा खेळ करावा लागतो, आणि वाढलेल्या वजनासाठी बांधकाम अभियंत्याचा दाखला घ्यावा लागतो.

वजनाचा हिशेब फार लोक चुकवतात. हजार लिटरच्या आंबवण्याच्या टाकीत एक टन द्रव असतो आणि रिकाम्या टाकीचे स्वतःचे वजन तीन-चारशे किलो. असे सुमारे १.४ टन चार पायांवर उभे असतात, म्हणजे तळहाताएवढ्या पत्र्यावर प्रत्येकी साडेतीनशे किलो. हे ओझे सगळ्या जमिनीवर पसरत नाही, चार ठिकाणी टोचते. शिवाय टाकी पुन्हा पुन्हा भरते आणि रिकामी होते, त्यामुळे तेच चार बिंदू दाबले जातात आणि सैल होतात.

खालची जमीन सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची आहे, ही गोष्ट दिलासा देणारी वाटते आणि अर्धीच खरी असते. डोंगरउतारावर सपाट जागा करताना वरच्या बाजूला कातळ फोडतात आणि तोच माल खालच्या बाजूला भरतात. मग एकाच खोलीची निम्मी जमीन न हलणाऱ्या खडकावर असते आणि निम्मी भरावावर. भराव दोन-तीन पावसाळ्यांत बसतो, खडक बसत नाही, आणि दोहोंच्या सांध्यावर जमिनीला सरळ रेषेत भेग पडते. उपाय जुनाच आहे: मुरूम दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या थरांत पसरून, पाणी मारून, प्रत्येक थर धुमसून घ्यायचा. एकदम मीटरभर भरून वरून रोलर फिरवला तर वरचा थोडाच भाग दबतो.

दुसरा धोका पाण्याचा. मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात आषाढ-श्रावणात डोंगराच्या पोटातून झरे फुटतात, कधी घराच्या जोत्याखालूनही. वरून पाणी जाऊ न देणारा थर घातलेल्या जमिनीला खालून पाण्याचा दाब आला तर तो थर फोडांसारखा सुटतो. म्हणून डोंगराच्या बाजूने जोत्यापेक्षा खोल चर खणून त्यात भोकांची नळी आणि खडी भरतात. डोंगराचे पाणी तिथेच पकडून बाजूने काढून देतात. खोलीच्या आत दगडांचे सोलिंग, त्यावर पीसीसीचा, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद जोडांवर एकमेकांवर चढवून, आणि मग मुख्य काँक्रीट. या कागदाला खिळ्याचे एक भोक पडले तरी पावसाळ्यात त्या जागी ओल उमटते. सळ्यांचे काम करणाऱ्यांच्या पायाखाली तो टिकवणे हे मुकादमाचे काम.

मुख्य काँक्रीट साधारण १५० मिलिमीटर जाडीचे आणि एम-३० किंवा त्याहून वरच्या प्रतीचे धरतात. भारतीय मानक ४५६ मध्ये तीव्र परिस्थितीतल्या सलोह काँक्रीटसाठी एम-३० ही किमान प्रत आहे आणि पाणी-सिमेंटचे गुणोत्तर ०.४५ च्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. जागेवर नेमकी हीच अट मोडली जाते. घट्ट माल ओढायला जड जातो, कोणीतरी बादलीभर पाणी ओततो आणि माल लोण्यासारखा सरकतो. साध्या जमिनीत याने ताकद घटते. ढाळाच्या जमिनीत याहून वाईट घडते: पातळ माल वरच्या बाजूला थांबत नाही, खाली वाहतो आणि आपणहून पाणसळ होतो. सकाळी दिलेला ५० मिलिमीटरचा ढाळ संध्याकाळी ३० वर आलेला असतो. म्हणून माल आधी लांबपट्टीने ओढण्याइतपतच नरम ठेवावा, आणि मऊपणा हवाच असेल तर तो मिश्रणातल्या रसायनातून मिळवावा.

ढाळ काँक्रीटमध्येच द्यावा की वरून कोब्यात, यावर गवंडी आणि अभियंते यांचे नेहमी जुंपते. कोब्यात ढाळ देणे सोपे असते, पण नालीजवळ तो कोबा १५-२० मिलिमीटरवर येतो, आणि इतका पातळ थर गरम पाण्याने आणि पिंपांच्या आदळआपटीने पोकळ होऊन सुटतो. म्हणून खालचे पीसीसीच ढाळात घालावे आणि त्यावर सगळीकडे सारख्या जाडीचे काँक्रीट यावे, हे बरे.

किती ढाळ, याला दोन्हीकडून मर्यादा आहेत. १०० ला १ पेक्षा कमी ढाळ कागदावर पुरेसा दिसतो, पण हाताने घातलेल्या जमिनीत दोन-तीन मिलिमीटरचा खालीवरपणा राहतोच आणि तो ढाळ त्यात हरवून जातो. ४० ला १ पेक्षा जास्त झाला तर भरलेल्या पिंपांची ढकलगाडी आपणहून पळते आणि शिडी डुगडुगते. म्हणून ५० ते ८० ला १ यांच्यात बहुतेक जमिनी बसतात. हा ढाळ चारही बाजूंनी मधल्या एका जाळीकडे दिला तर जमिनीला कर्णरेषेत घड्या पडतात आणि टाकीचे चार पाय चार वेगळ्या उतारांवर येतात. लांब सरळ नालीकडे एकाच दिशेने दिलेला ढाळ घालायला सोपा, तपासायला सोपा आणि टाक्या उभ्या करायलाही सोपा.

ढाळाच्या खुणा करायला आज लेसर मिळतो, पण जुनी पाण्याची पारदर्शक नळी अजूनही तितकीच खरी बोलते. एक जण भिंतीपाशी, दुसरा नालीपाशी. दोन्ही टोकांचे पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचे, मग पेन्सिलची रेघ. नळीत कुठे हवेचा बुडबुडा अडकला असेल तर दोन्ही टोके खोटी पातळी दाखवतात, आणि ते सहज लक्षात येत नाही. म्हणून अनुभवी गवंडी नळी भरल्यावर आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का पाहतो, आणि मगच कामाला लागतो.

काँक्रीट आकसते आणि कुठेतरी तडकते. तडा कुठे जायचा हे आधी ठरवून देणे एवढेच माणसाच्या हातात असते. १५० मिलिमीटर जाडीला चार मीटरच्या आत सांधे कापतात, दुसऱ्या दिवसाच्या आत, जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतके खोल. ब्रुअरीत या सांध्यांची जागा महत्त्वाची. सांधा उंच रेषेवर आला तर त्यावर पाणी थांबत नाही. तोच नालीच्या कडेने किंवा खोलगट भागात आला तर दिवसभर बिअर आणि साबणाचे पाणी पितो.

मग पाणी मारणे. साध्या कोब्यावर मातीची किंवा मालाची आळी करून पाणी साठवतात. ढाळाच्या जमिनीवर ते पाणी खालच्या कडेला जमते आणि वरची बाजू कोरडी राहते, म्हणून तिथे ओली तरटे पसरून ती सतत भिजती ठेवावी लागतात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला दहा, असे मानक सांगते. जुलैत बाहेर धो धो पाऊस असतो म्हणून आतल्या जमिनीला पाणी मिळाले असे होत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत खोऱ्यातून येणारा कोरडा वारा तासाभरात तरट वाळवतो.

नाली स्टेनलेस स्टीलची असावी, कोपरे गोल, आणि इतकी रुंद की हात आणि ब्रश तळापर्यंत जाईल. हात जात नाही तिथे यीस्ट आणि चोथा बसतो, आणि दोन दिवसांत तिथून आंबट वास येतो. तिची जागा टाक्यांच्या पोटाखाली नको, झडपांच्या समोर हवी. माणसाला न वाकता दिसली पाहिजे. तिने किती पाणी ओढावे हे दिवसाच्या सरासरीवरून काढत नाहीत. भरलेल्या टाकीची ५० मिलिमीटरची झडप पूर्ण उघडली तर सेकंदाला पाच-सहा लिटर पाणी सुटते. ११० मिलिमीटरची नळी तेवढे कसेबसे नेते. दोन झडपा एकदम उघडल्या तर जमीन तुंबते. म्हणून बाहेर जाणारी मुख्य नळी १६० ची ठेवणे शहाणपणाचे. नळीच्या जातीकडेही पाहावे लागते. साधी यूपीव्हीसी नळी सुमारे ६० अंशांपर्यंतच निर्धास्त, आणि इथे ८० अंशांचे पाणी रोजचे. गरम भागात सीपीव्हीसी किंवा स्टीलची नळी घालतात.

नालीच्या तोंडाशी चोथा अडवणारी उचलती टोपली आणि तिच्याखाली ट्रॅप. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभे असते म्हणून गटाराचा वास आणि किडे वर येत नाहीत. लवासासारख्या शनिवार-रविवारच्या गावात ब्रुअरीचे धुणेभांडेही आठवड्याच्या काही दिवसांतच उरकते. मधल्या दिवसांत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, हे पाणी वाळते. बंदच्या दिवसांतही प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतणे हे काम कोणाच्या तरी नावावर लिहिलेले असावे.

जमीन सगळ्यात आधी फुटते ती नालीच्या काठाला. स्टील आणि काँक्रीट गरम पाण्याने सारखे फुगत नाहीत. नालीखाली काँक्रीट नीट भरले नसेल तर काठ पोकळ राहतो, ढकलगाडीचे चाक त्यावर येते आणि वरचा थर तुटतो. म्हणून नालीखाली माल कांडीने ठोकून भरतात, काठाला लवचीक सीलंटची रेघ ठेवतात, आणि वरचा थर नालीजवळ कापलेल्या खाचेत उतरवून अडकवतात.

उघडे काँक्रीट ब्रुअरीत टिकत नाही. बिअर आम्ल असते, तिचा पीएच चार ते साडेचारच्या दरम्यान. सांडलेल्या साखरेवर जिवाणू वाढतात आणि लॅक्टिक व ॲसिटिक आम्ल तयार करतात. काँक्रीटमधला चुना त्यात विरघळतो, आधी वरची गुळगुळीत साय जाते आणि मग खडी उघडी पडते. शहाबादी आणि कोटा फरशी हे तर चुनखडीचेच दगड. स्वयंपाकघरात शहाबादीवर लिंबू पिळले गेले की जो पांढरट डाग पडतो, तोच इथे रोज आणि सगळीकडे पडतो. त्यावर टाक्या धुण्याचा दोन-तीन टक्के कॉस्टिक सोडा, तोही ७०-८० अंशांचा, आणि त्यामागून फॉस्फोरिक किंवा पेरासेटिक आम्ल.

म्हणून वर एक थर लागतो. साधा इपॉक्सी दिसायला छान, पण खोलीच्या तापमानाला घट्ट झालेला इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो आणि उकळत्या पाण्याचा फटका त्याला सोसत नाही. सिमेंट मिसळलेला पॉलियुरेथेन थर, ज्याला बाजारात पीयू काँक्रीट म्हणतात, काँक्रीटच्याच जवळपास फुगतो-आकसतो. सहा ते नऊ मिलिमीटर जाडीत तो गरम पाणी, आम्ल आणि सोडा तिन्ही सोसतो. आम्लरोधक टाइल्सही चालतात, पण मग सगळा भार सांध्यातल्या मसाल्यावर येतो.

थर कधी लावावा, हे लवासात दिनदर्शिका ठरवते. काँक्रीटच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर हवे, नाहीतर न दिसणारी दवाची पातळ फिल्म थराखाली अडकते. जुलै-ऑगस्टमध्ये ढग दारातून आत येतात, तेव्हा ही अट पाळणे कठीण. ओल तपासायला हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवतात. सकाळी आत थेंब दिसले तर अजून थांबायचे.

त्याआधीची एक परीक्षा कोणीही घेऊ शकतो. बादल्यांनी पाणी ओतायचे, ते वाहून जाऊ द्यायचे आणि काही मिनिटांनी जिथे पाणी उभे राहिले असेल त्याभोवती खडूने रेघ मारायची. उभे पाणी दोन-तीन मिलिमीटरहून खोल असेल तर ती जागा घासून किंवा भरून दुरुस्त करायची. थर लावल्यानंतर हीच दुरुस्ती दसपट महाग होते. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे गोल वाटा मारतात, म्हणजे कोपरा उरत नाही. पाय घसरू नये म्हणून थर खरखरीत ठेवावा लागतो, आणि खरखरीत थर धुवायला जास्त वेळ घेतो. जिथे माणूस उभा राहतो तिथे खरखरीत आणि टाक्यांमागे गुळगुळीत, ही तडजोड चालते.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांतील चौथी अनुसूची सांगते की जमीन पाणी न शोषणारी, धुता येणारी, न घसरणारी आणि ढाळाची असावी, आणि निचरा उत्पादनाच्या उलट दिशेने वाहावा. याचा अर्थ सरळ आहे: बिअर धान्याकडून पिंपाकडे जाते, तर घाण पाण्याने पिंपाकडून धान्याकडे जावे. तयार मालाच्या पायाशी कच्च्या मालाची घाण येऊ नये.

जमिनीच्या सखल जागांत पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट साचते. आंबताना एक लिटर बिअरमागे सुमारे ४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. हजार लिटरच्या एका टाकीतून २० घनमीटरहून अधिक. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात आणि पंपाच्या कुंडीत उतरतो, आणि त्याला वास नाही. पडक्या विहिरीत उतरलेल्या माणसाचा जीव ज्या कारणाने जातो, तेच कारण इथेही. म्हणून पंखा छताशी नको, जमिनीलगत हवा, आणि माणसाला उतरावे लागेल अशी खोल कुंडी खोलीत नकोच.

आता पाणी खोलीबाहेर आले. ते किती आहे यापेक्षा त्यात काय आहे हे महत्त्वाचे. एका लिटर बिअरचा बीओडी, म्हणजे ती कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ८० ते १०० ग्रॅमच्या घरात असतो, माणशी रोजच्या सांडपाण्याचा सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे बिघडलेली हजार लिटरची एक टाकी नालीत सोडली तर दीड-दोन हजार माणसांचे एका दिवसाचे सांडपाणी काही मिनिटांत सोडल्यासारखे होते. घरगुती सांडपाण्यावर चालणारे शुद्धीकरण केंद्र हा धक्का सोसत नाही, त्यातले जिवाणू मरतात किंवा वाहून जातात. म्हणून यीस्टचा गाळ, टाकीच्या तळाची बिअर आणि चोथा नालीपर्यंत येऊच द्यायचे नाहीत. हजार लिटरमागे सुमारे दोनशे किलो ओला चोथा निघतो; तो त्याच दिवशी गोठ्यात गेला तर गाईम्हशींचा खुराक, दोन दिवस राहिला तर दुर्गंधी. नालीतून आलेले बाकी पाणी आधी एका समतोल टाकीत साठवतात. तिथे कॉस्टिकचे आणि आम्लाचे पाणी एकमेकांना मारते, पीएच जुळवतात आणि मग ते थोडे थोडे शुद्धीकरणाला सोडतात.

या टाकीत पावसाचे पाणी येऊ न देणे हे लवासातले सर्वांत अवघड काम. २५ जुलै २०२४ ला २४ तासांत लवासात सुमारे साडेचारशे मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पडला आणि पुण्याचे काही भाग बुडाले. मागच्या दाराचे ५० चौरस मीटरचे उघडे अंगण सांडपाण्याच्या टाकीला जोडलेले असेल तर अशा एका दिवसात तिथून साडेबावीस हजार लिटर पाणी येते. हजार लिटर बिअरच्या सगळ्या धुण्याच्या निदान अडीच पट. टाकी भरून वाहते आणि आठवडाभर साठवलेले सगळे काही मिनिटांत ओढ्यात जाते. म्हणून अंगणावर छप्पर, दारात उंचवटा, पन्हळींची वाट पूर्ण वेगळी, आणि दोन्ही नळ्या कुठे आहेत याचा नकाशा काँक्रीट टाकण्याआधी काढलेल्या छायाचित्रांसह दप्तरी. पाच वर्षांनी कोणी भिंतीला भोक पाडायला आला तर त्याला नळी कुठे गाडली आहे ते कळले पाहिजे.

पुढची निगा फार नाही, पण चुकवून चालत नाही. रोज काम संपल्यावर जाळ्या उचलून नाली घासायची, आठवड्याला सांधे पाहायचे, थरात केसाएवढी चीर दिसली की त्याच आठवड्यात भरायची. कारण चिरेतून उतरलेले पाणी थराखाली आडवे पसरते आणि सहा महिन्यांनी हातभर तुकडा सुटतो.

या सगळ्या कामाचा निकाल खोलीत लागत नाही. तो बाहेर, आवाराच्या हद्दीवरच्या शेवटच्या चेंबरमध्ये लागतो, जिथून प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस नमुना घेतो. ब्रुअरीचे शुद्ध केलेले पाणी नदी-ओढ्यात सोडायचे तर त्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. जमीन आरशासारखी चकचकीत असूनही तिथला आकडा तीनशे येऊ शकतो. तेव्हा ढाळ बरोबर असतो, शेवट चुकलेला असतो. म्हणूनच कामाची पहिली रेघ या चेंबरपासून मारायची आणि मागे मागे येत टाकीच्या झडपेपाशी थांबायचे.